प आणि टॅब

म्हापशाच्या जुन्या नोंदवह्या आमच्या खोलीत स्कॅन होतात,
दुसऱ्या मजल्यावर. खाली शुक्रवारचा बाजार.
मी सर्व्हर सांभाळतो. काळा पडदा, पांढरी अक्षरं,
आणि डाव्या करंगळीखाली ती कळ
जिच्यावरचं नाव झिजून गेलंय.

मी प-वर अडखळतो.
आणि आडनाव पर्येकर.

ओठ मिटतात, आत दाब वाढत जातो,
आणि समोरचा माणूस नेमका तेव्हाच
दयाळू होतो.
परब? म्हणतो. पार्सेकर?
मी मान हलवतो, कशीही हलवतो, रांग मोठी असते.
गॅस एजन्सीत मी अजून परब आहे.
सिलिंडर वेळेवर येतो.

पडद्यावर तसं होत नाही.
पी ए आर लिहून टॅब दाबला
की नुसतं टुक्.
पुन्हा दाबला की चार फोल्डर पुढ्यात:
परब पार्सेकर पर्वतकर पर्येकर
आणि कर्सर परत माझ्या आर-पाशी येऊन
लुकलुकत राहतो.
भुवई नाही. घड्याळाकडे बघणं नाही.
मी वाय देतो.
मग उरलेलं आडनाव एका दमात बाहेर पडतं,
शेवटच्या तिरप्या रेघेसकट.

जिथवर खात्री, तिथवर पुढे जायचं.
फाटा आला की फाट्यावर उभं राहायचं, विचारायचं.
हे कुणीतरी कधीतरी बसून ठरवलं असणार.
त्याच्या घरात कोण अडखळत होतं
ते मला फार विचारावंसं वाटतं.

माझं गाव मात्र पी ए आर-मध्ये नाही.
पोर्तुगीज कारकुनाने पर्ये ऐकताना पोरियें ऐकलं,
पोरियेंच लिहिलं, शाई वाळवली, घरी गेला.
गावांच्या फोल्डरात मी पर्ये शोधतो तेव्हा
टुक्.
दहादा दाबा, टुक्.
अडतं तेही. त्याला फक्त घाम येत नाही.

दीक्षिता गांवस नवीन लागलीय, साखळीहून येते.
ती सगळं पूर्ण लिहिते. लांबलचक वाटा, एकेक अक्षर.
मी तिला सांगायला गेलो, कंट्रोल आणि आर,
दोन अक्षरं दे, मागे कधी लिहिलेलं आपोआप वर येतं,
प... प... प...
"पुन्हा" म्हणायचं होतं मला.
तिचा हात कळफलकावर होता, तिथेच राहिला.
पंखा फिरत होता. खाली कुणी तरी
चवणीच्या केळ्यांवरून भांडत होतं.
मी किती वेळ लावला माहीत नाही.
पुन्हा लिहावं लागत नाही, एवढंच वाक्य होतं.
ती म्हणाली, बरं.
आणि तरीही सगळं पूर्ण लिहीत बसली.

दुपारी मार्सेलिनच्या हॉटेलात आम्ही दोघं.
इथे अकरा वर्षं मी पाव खातोय.
प म्हटलं की मार्सेलिन पाव ठेवतो,
भाजीच्या बशीत बुडवूनसुद्धा देतो कधी, प्रेमाने.
मला हवी असते पोई.
कोंड्याची, पोकळ, कडेला जरा करपलेली.

कितें जाय? त्याने विचारलं.
प, मी म्हटलं,
आणि त्याचा हात पावांच्या टोपलीकडे निघाला.
दीक्षिताने त्याच्याकडे नुसतं बघितलं.
हात हवेत थांबला.
शेजारच्या टेबलावरचा चमचा थांबला.
माझे ओठ मिटलेले, त्यामागे
पाव, पोई, पातळभाजी, पाणी, पैसे, पर्ये,
सगळी यादी उभी,
आणि कुणीही काहीही उचलत नव्हतं.

पोई.

मार्सेलिनने टोपलीवरचं फडकं वर केलं, आत बघितलं.
आयज पोयो सोंपल्यो, म्हणाला,
आणि पहिल्यांदाच मला
मी विचारलेल्याचं उत्तर मिळालं.

पाव घेतले मग. दोन.
गरम होते.